कार्बन टॅक्स लावायचा की स्वच्छ विजेला अनुदान द्यायचं? आमचा वाद अडकलाय

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण दर पंधरा दिवसांनी एक विषय घेतो, बाजू वाटून घेतो आणि कडकडून वाद घालतो. यावेळी विषय आहे ऊर्जा आणि पर्यावरणाचं धोरण, आणि दोन बैठका झाल्या तरी गाडी पहिल्याच प्रश्नावर रुतलीय. धूर कमी करायचा तर धुरावर कर लावायचा, की स्वच्छ विजेला सरकारने पैसे द्यायचे?

माझ्याकडे कराची बाजू आहे आणि मला ती मनापासून पटते. माझ्या चिमणीतून निघालेला धूर दुसऱ्याच्या छातीत जातो, तिसऱ्याच्या शेतावरचा पाऊस बिघडवतो आणि मी मात्र फक्त कोळशाचे पैसे भरून मोकळा होतो, हे चुकीचंच आहे ना. पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हेच मांडलं होतं की जे नुकसान दुसऱ्याच्या माथी मारता ते किमतीत धरा. फिनलंडने १९९० मध्ये, स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन टॅक्स लावला, स्वीडनचा दर आज टनामागे शंभर युरोच्या वर आहे, तरी तिथली अर्थव्यवस्था वाढत राहिली आणि उत्सर्जन उतरत गेलं.

पण समोरच्या बाजूला जी मैत्रीण आहे ती तीन उदाहरणं टेबलावर आपटते आणि माझं तोंड बंद होतं. ऑस्ट्रेलियाने २०१२ ला कार्बनवर किंमत लावली आणि २०१४ ला काढून टाकली. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढणार म्हटल्यावर लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडाने सामान्य ग्राहकांवरचा कर २०२५ च्या एप्रिलपासून बंद केला. ती म्हणते सोलर स्वस्त झालं ते कोणाच्या करामुळे नाही, जर्मनीने २००० साली कायदा करून सोलर-पवनच्या विजेला वीस वर्षांचा हमीभाव दिला त्यामुळे झालं.

तिसरा गडी म्हणतो दोन्ही सोडा, अणुभट्ट्या बांधा, विषय संपला.

मला मतं नकोत, मतं आमच्याकडे भरपूर आहेत. कुठे काय चाललं, कुठे फसलं आणि का, हे कोणी नीट समजावून सांगेल का? पुढच्या शनिवारी परत बसतोय.

टर्बाईनवाला

कोरा कागद, तुमचा प्रश्न चांगला आहे पण तुम्ही तिघंही एक गोष्ट धरतच नाही आहात, ती म्हणजे घड्याळ. मी औष्णिक केंद्रात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये शिफ्टला, म्हणून हे सांगायचा हक्क आहे असं समजतो.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठ्या लाल आकड्यांत विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं होतात ते, दिसत असते. ५०.०० म्हणजे जेवढी वीज बनतेय तेवढीच वापरली जातेय. मागणी वाढली की तो आकडा खाली येतो, ४९.९५, ४९.९०, आणि टर्बाईन जी मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असते ती अक्षरशः जड होते, वेग सांभाळणारा गव्हर्नर स्टीमचा व्हॉल्व्ह उघडतो, बॉयलर धाप टाकल्यासारखा आवाज करतो. हा आकडा दिवसातून शेकडो वेळा हलतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी, कुठेतरी, त्याच सेकंदाला वीज कमी किंवा जास्त करत असतं. वर्षभराची सरासरी काढून "आमची अमुक टक्के वीज स्वच्छ आहे" असं म्हणणं कागदावर ठीक आहे, ग्रिड सरासरीवर चालत नाही, ते या सेकंदावर चालतं.

आता संध्याकाळ घ्या. दुपारी सोलर भरभरून येतं, तेव्हा कोळशाच्या युनिटला सांगतात लोड उतरवा. उतरवतो, पण एका मर्यादेपर्यंतच, त्याच्या खाली बॉयलरमधली आग स्थिर राहत नाही, तेल जाळून ती टिकवावी लागते. मग पूर्ण बंदच का करत नाही असं लोक विचारतात. कारण थंड पडलेलं युनिट परत उठवायला आठ-दहा तास कुठेच जात नाहीत. तेलावर लाईट-अप करायचं, ड्रम आणि पाईपचं जाड लोखंड हळूहळू तापवायचं, घाई केली तर त्यालाच तडे जातात, मग स्टीमचं तापमान-दाब जुळले की टर्बाईन फिरवायला घ्यायची, ३००० ला आणायची, ग्रिडशी सिंक्रोनाइझ करायची, म्हणजे ताल जुळवून जोडायची, आणि मग पायरीपायरीने लोड. आणि सूर्य मावळतो तो तुमच्यासाठी थांबत नाही, दोन-तीन तासांत हजारो मेगावॅट खाली जातात आणि त्याच वेळी घराघरात दिवे लागतात.

कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ च्या सुमारास याचा आलेख काढला, दुपारी पोट खाली लोंबलेलं आणि संध्याकाळी मान ताठ वर, म्हणून त्याला बदकाचा आलेख म्हणतात. पुढची दहा वर्षं सगळे म्हणत होते की हे बदक सोलरला गिळणार. त्यांनी काय केलं तर बॅटऱ्या बसवल्या, दहा हजार मेगावॅटच्या वर, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी काही वेळ बॅटरी हाच त्या ग्रिडवरचा सगळ्यात मोठा पुरवठा होता. मी आयुष्यभर कोळशावर काम केलेला माणूस आहे, हे आकडे बघून मला माझं मत बदलावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं, कर की अनुदान हे ठरवायच्या आधी ठरवा की पैसा कुठल्या तासासाठी लागणार आहे. दुपारच्या विजेला अजून अनुदान देऊन उपयोग नाही, ती आता बऱ्याच ठिकाणी उतू जाते. संध्याकाळी सात ते दहा, आणि जिथे थंडी असते तिथे ढगाळ, बिनवाऱ्याचे आठवडे, पैसा तिथे घालायला हवा.

दोन_पैसे

टर्बाईनवाला दादांना +१, घड्याळाचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे कराबद्दल बोलते.

कोरा कागद, तुमच्या मैत्रिणीची तिन्ही उदाहरणं खरी आहेत पण त्यातून तिने काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे. तुम्ही तिच्यासमोर ब्रिटन ठेवा. २०१२ मध्ये तिथली साधारण ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून त्यांनी युरोपच्या कार्बन बाजारातल्या (जिथे कंपन्या धूर सोडायचे परवाने विकत घेतात) किमतीवर स्वतःचा जादा भार चढवला, तो पुढे टनामागे १८ पौंडांवर स्थिर केला. २०१६ ला कोळसा ९ टक्क्यांवर आला होता आणि ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झालं. ज्या देशाने १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न भागात कोळशाचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केलं त्या देशात. आणि यासाठी कोणी रस्त्यावर उतरलं नाही, बहुतेक लोकांना असा काही कर आहे हेही माहीत नव्हतं.

आता असं का झालं बघा. तो कर कोणाला भरायचा होता? वीजकंपनीला. आणि तिच्याकडे करण्यासारखं काहीतरी होतं, शेजारीच गॅसची केंद्रं अर्धवट क्षमतेवर उभी होती, समुद्रात पवनचक्क्या लागत होत्या, त्यांना सरकार लिलावातून ठरलेला भाव देत होतं. कोळसा थोडा महाग झाला, डिस्पॅच करणाऱ्याने, म्हणजे कुठलं केंद्र कधी चालवायचं ते ठरवणाऱ्याने, यादीत गॅसला वर घेतलं, कोळशाला खाली. झालं. कोणाला स्वतःचं आयुष्य बदलावं लागलं नाही.

फ्रान्समध्ये तोच कर कोणावर पडत होता? गावाबाहेर राहणाऱ्या, रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवून कामाला जाणाऱ्या माणसावर, ज्याच्या रस्त्यावर बस नाही, रेल्वेचा फाटा बंद झालाय आणि डिझेलची गाडी घे असं मागे सरकारनेच सांगितलेलं. त्याच्यापुढे पर्यायच नव्हता. डिझेल महाग झालं तर तो कमी जाळू शकत नव्हता, फक्त जास्त पैसे भरू शकत होता. त्यात त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर कमी करून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. मग तो माणूस चिडणार नाही तर काय.

किंमत वाढवली की लोक वागणं बदलतात हे खरं, पण बदलायला दुसरी वाट लागते. ती असेल तिथे छोटासा करही झपाट्याने काम करतो, नसेल तिथे कितीही मोठा कर लावा, तो नुसता दंड होतो. माझ्या वर्गात मी हे दोन देश एकाच तासाला शिकवते, ब्रिटनचा कोळसा आणि फ्रान्सचं डिझेल.

स्वीडनचंही तसंच. तिथे घरं तापवायला गावोगाव एकत्रित उष्णतेचे पाईप होते, त्या बॉयलरमध्ये तेलाऐवजी लाकडाचा भुसा आणि जंगलातला काडीकचरा टाकता आला. कर लागला आणि बॉयलर बदलले. पाईप मात्र आधीपासून होते.

काळी_माती

धाग्यावर सगळं मेगावॅट आणि टनात चाललंय म्हणून लिहितेय. माझे वडील खाणीत होते. त्यांचे कामाचे कपडे तीन पाण्यांतून काढले तरी शिवणीतून काळं पाणी यायचंच, आई म्हणायची हे पांढरं होण्याच्या भानगडीत पडूच नका. तो कोळसा वाईट आहे हे मला कोणी शिकवायची गरज नाही, वडिलांचा खोकला ऐकत मोठी झालेय. पण त्याच कोळशाने आमच्या फिया भरल्या.

ब्रिटनचं कौतुक करताना दोन पैसे ताईंनी २०१३ पासून सुरुवात केली. त्याच्या तीस वर्षं आधी तिथे काय झालं तेही धरा. १९८४ मध्ये खाणी बंद करणार म्हणून कामगार संपावर गेले, वर्षभर संप चालला, १९८५ ला मोडला आणि मग खाणी भराभर बंद झाल्या. त्या गावांना दुसरं काही दिलं गेलं नाही, आणि तिथली काही खेडी अजून सावरलेली नाहीत. हवामानाचा तेव्हा विषयही नव्हता. पण पुढे कोळशावर कर लागला तेव्हा रस्त्यावर कोणी आलं नाही याचं एक कारण हेही आहे की यायला तिथे खाणकामगारच फारसे उरले नव्हते. लढाई आधीच हरलेली होती.

याउलट जर्मनीतल्या रूर भागात २००७ साली करार झाला की दगडी कोळशाचं अनुदान २०१८ ला संपवायचं आणि तोपर्यंत कोणालाही जबरदस्तीने काढायचं नाही. अकरा वर्षं आधी तारीख सांगितली. वय झालेले लवकर निवृत्त झाले, तरुणांना दुसरं शिकवलं. २१ डिसेंबर २०१८ ला प्रॉस्पर-हानियल या शेवटच्या खाणीतून कोळशाचा शेवटचा तुकडा वर आणून तिथल्या कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. तो व्हिडिओ मी बघितलाय. काळवंडलेल्या चेहऱ्यांची धिप्पाड माणसं होती आणि रडत होती, पण घरी जाताना पगाराची चिंता घेऊन जात नव्हती. खर्च प्रचंड झाला, मान्य आहे. स्पेननेही २०१८ मध्ये युनियनबरोबर बसून असाच करार केला आणि बहुतेक खाणी बंद केल्या.

तुमच्या वादात कर आणि अनुदान दोन्हीच्या रकान्यात हा खर्च कोणी लिहिलाय का? लिहिला नसेल तर तो खर्च नाहीसा होत नाही, तो खाणीजवळच्या घरांवर पडतो.

अणुरेणू

मी त्या तिसऱ्या गड्याच्या बाजूचा. इथे अणुऊर्जेबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून आकडे देतो. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून विजेच्या एका युनिटमागे कोळसा साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, गॅस ४९०, सोलर चाळीसच्या आगेमागे, पवन आणि अणु ११-१२. हे आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, २०१४ च्या अहवालातले आकडे आहेत. टर्बाईनवाला म्हणतात ना रात्रीचं काय, बिनवाऱ्याच्या आठवड्याचं काय, तर अणुभट्टी रात्रीही चालते आणि वारा नसला तरी चालते.

फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये ठरवलं आणि पंधरा-वीस वर्षांत पन्नासच्या वर अणुभट्ट्या उभ्या केल्या, आज त्यांची दोन तृतीयांश वीज अणूची आहे. जर्मनीने काय केलं, २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाल्यावर आठ अणुभट्ट्या लगेच बंद, आणि उरलेल्या शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद, कोळशाला मात्र २०३८ पर्यंत मुदत. एका बाजूला ८२० ग्रॅमवाली चालू ठेवायची आणि १२ ग्रॅमवाली आधी घालवायची, हा क्रम मला कोणी समजावून सांगावा. चालू स्थितीतली, पैसे फिटलेली, सुरक्षा तपासणीत पास झालेली भट्टी बंद करणं ही माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या ऊर्जा धोरणातली सगळ्यात मोठी चूक आहे.

एक स्पष्ट करतो, जर्मनीत त्यामुळे कोळसा वाढला असं जे फिरवलं जातं ते बरोबर नाही, दहा-बारा वर्षांचा हिशोब बघितला तर कोळसाही घटला. पण भट्ट्या चालू ठेवल्या असत्या तर तो कितीतरी आधी घटला असता. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने बघा कसं केलं, २००३ ला चौथा हिस्सा वीज कोळशाची होती, त्यांनी बंद पडलेल्या अणुभट्ट्या दुरुस्त करून परत लावल्या, जोडीला गॅस घेतला आणि २०१४ ला कोळसा शून्य. कार्बन टॅक्स नव्हता, सरकारने सरळ तारीख घातली.

दोन_पैसे

अणुरेणू, चालू भट्ट्या बंद करू नयेत याला पूर्ण सहमत. नवीन बांधण्याबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. फ्रान्समध्येच फ्लामनव्हिलची तिसरी भट्टी २००७ ला सुरू केली, पाच वर्षांत व्हायची होती, ग्रिडला जोडली २०२४ च्या डिसेंबरमध्ये. तोपर्यंत खर्च कित्येक पटीने वाढला. आणि २०२२ मध्ये पाईपमधलं गंज-तड्यांचं प्रकरण आणि लांबलेली देखभाल यामुळे फ्रान्सच्या जवळपास निम्म्या भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या, नेमकं युरोपात गॅसचं संकट चालू असताना, त्या वर्षी फ्रान्सला विकण्यापेक्षा जास्त वीज विकत घ्यावी लागली. सगळ्या भट्ट्या एकाच घराण्यातल्या असल्या की दुखणंही एकदम येतं.

टर्बाईनवाला

दोघांचंही खरं आहे आणि यात मला मध्ये पडावंसं वाटतं. फ्लामनव्हिल हे नव्या डिझाईनचं त्या देशातलं पहिलंच बांधकाम होतं आणि मध्ये इतकी वर्षं गेलेली की वेल्डिंग करणारे हातच उरले नव्हते, वेल्ड काढून परत करावे लागले. १९७४ नंतर फ्रान्सला जमलं कारण तेच डिझाईन, तीच टीम, एका साईटवरून उठून दुसऱ्या साईटवर. संयुक्त अरब अमिरातीत बराका इथे दक्षिण कोरियाच्या कंपनीने चार भट्ट्यांचं बांधकाम २०१२ पासून सुरू केलं आणि २०२४ पर्यंत चारही चालू झाल्या, कारण ते घरी एकामागून एक बांधतच होते. म्हणजे अणुऊर्जा महाग की स्वस्त हा प्रश्न असा सुटा विचारता येत नाही, कोण बांधतंय आणि कितवी बांधतंय ते विचारावं लागतं. आणि आज निर्णय घेतला तर वीज दहा-बारा वर्षांनी, तोपर्यंतच्या संध्याकाळी कशावर काढणार तेही सांगावं लागतं.

बॅटरीवर विश्वास का बसला ते सांगतो, वर फक्त आकडा दिला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या सप्टेंबरमध्ये वादळाने ट्रान्समिशनचे टॉवर लोळवले, व्होल्टेज सारखं गचके खायला लागलं, पवनचक्क्यांच्या संरक्षण सेटिंगने त्या एकामागून एक सुटल्या आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. सगळ्यांनी पवनऊर्जेला धारेवर धरलं. त्यांनी सेटिंग बदलल्या आणि २०१७ ला हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी लावली, पूर्ण जोराने चालवली तर तासाभराच्या वर थोडीच पुरेल एवढी. महिनाही झाला नव्हता, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात कोळशाचं एक युनिट अचानक ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, ५६० मेगावॅट एका क्षणात गेले. फ्रिक्वेन्सी ४९.८० पर्यंत पडली. आणि जवळजवळ हजार किलोमीटरवरच्या त्या बॅटरीने सेकंदाच्या आत वीज सोडायला सुरुवात केली, ज्या युनिटला मदतीसाठी बांधून ठेवलं होतं त्याच्या आधी. दिली थोडीच, आठ मेगावॅटसुद्धा नाही, पण आमच्या धंद्यात तो वेग बघून लोक गप्प झाले. आम्ही व्हॉल्व्ह उघडून, स्टीम वाढवून जे सेकंदांनी-मिनिटांनी करतो ते तिने आवाजही न करता केलं.

तरीही ती तासांची गोष्ट आहे. आठवडाभराचा साठा बॅटरीत परवडत नाही, त्याला पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प, शेजारच्या देशांशी जाड लाईन, थोडा गॅस किंवा अणु, असं काहीतरी लागतंच. ट्रान्समिशन लाईनवर कोणीच वाद घालत नाही याचं मला दुःख आहे. पवनचक्की दोन वर्षांत उभी राहते, तिची वीज न्यायला लाईन टाकायला परवानग्या आणि जमिनी धरून दहा वर्षं लागतात.

ओंजळ

छोटा प्रतिसाद. सगळे वीज बनवण्यावर बोलताय, वापर कमी करण्यावर कोणीच नाही. घराला नीट इन्सुलेशन, चांगल्या मोटारी, हीट पंप, सगळ्यात स्वस्त युनिट तेच जे लागलंच नाही.

दोन_पैसे

ओंजळ, बरोबर, पण जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवलं होतं की वाफेचं इंजिन जसं काटकसरीचं झालं तसा कोळसा जास्त लागायला लागला, कारण इंजिन परवडतंय म्हटल्यावर सगळ्यांनीच घेतलं. प्रत्येक वेळी बचत पूर्ण खाल्ली जाते असं नाही, थोडी खाल्ली जाते. म्हणूनच कार्यक्षमतेच्या जोडीला किंमत असलेली बरी. हा एक मुद्दा कराच्या बाजूने धरा, कोरा कागद.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. काळी माती, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो, आमच्या दोन्ही रकान्यांत तो खर्च खरंच नव्हता, आता पहिल्या ओळीत लिहिलाय.

माझं म्हणणं आता थोडं सरकलंय. कर चांगला की वाईट असं मी भांडणार नाही, आधी वाट तयार करा आणि मग किंमत लावा असं भांडणार आहे. पण यात मला एक भोक दिसतंय आणि मैत्रीण नेमकं तेच धरणार. कराचा पैसा लोकांना परत दिला तर लोक खूश व्हायला हवेत ना? कॅनडाने तर परत दिला होता. मग तिथे का नाही टिकला?

दोन_पैसे

हा प्रश्न मला स्वतःला छळतो. कॅनडात कराचा बहुतेक पैसा दर तीन महिन्यांनी थेट कुटुंबांच्या खात्यात जायचा, आणि सरळ दिलेला कर वजा मिळालेली रक्कम असा हिशोब केला तर बहुतेक घरं फायद्यातच होती. पण कर दिसायचा दर वेळी टाकी भरताना, पंपावरच्या आकड्यात, आणि परतावा यायचा बँकेत गुपचूप, कितीतरी लोकांना तो कशाचा आहे तेच कळत नव्हतं. बोचणारी गोष्ट आठवड्याला आणि सुखावणारी तीन महिन्यांतून एकदा, तीही नाव न सांगता.

याहून बोलकं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे, शनिवारी तेच काढा. तिथे २००८ पासून घर तापवायच्या तेला-गॅसवर कार्बनचा आकार आहे, त्यातला साधारण दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि उद्योगांना परत मिळतो, लोकांचा वाटा माणशी सारखा, आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन. वजा होतो हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जून २०२१ मध्ये हा आकार वाढवणारा आणि विमानाच्या तिकिटावर नवा भार घालणारा कायदा जनमताला टाकला, ५१.६ टक्के लोकांनी पाडला. दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, त्याच लोकांपुढे दुसरा कायदा ठेवला. २०५० पर्यंत उत्सर्जन नक्त शून्यावर आणायचं, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषून घ्यायचं, हे ध्येय त्यात होतं, शिवाय जुने तेलाचे आणि गॅसचे हीटर बदलायला दहा वर्षांत दोन अब्ज फ्रँकची मदत होती, आणि नवा कर एकही नव्हता. ५९ टक्क्यांनी मंजूर झाला.

म्हणजे मैत्रिणीचं इथे बरंच खरं आहे, लोकांच्या हातात आधी काहीतरी पडलं पाहिजे. पण तिला हेही विचारा की ते दोन अब्ज आले कुठून. सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी करदात्यांकडूनच. जर्मनीच्या हमीभावाचा खर्च असाच वर्षानुवर्षं विजेच्या बिलात अधिभार म्हणून होता, २०२२ मध्ये तो बिलातून काढून तिजोरीवर घेतला. अनुदानाचेही पैसे कोणीतरी भरतंच, फक्त ते पंपावरच्या पाटीवर लिहिलेले नसतात.

काळी_माती

आणि हीटर बदलायची मदत घर मालकाला मिळते, भाड्याने राहणाऱ्याचं काय तेही विचारा म्हणावं.

टर्बाईनवाला

शनिवारी बसायच्या आधी एक काम करा. कुठल्याही एका ग्रिडचा एका दिवसाचा आलेख शोधा, बरेच ग्रिड ऑपरेटर रोजचे आकडे खुले ठेवतात, चोवीस तासांची मागणी आणि त्याखाली रंगीत पट्ट्यांत कुठली वीज कधी आली ते. मोठा प्रिंट काढून टेबलाच्या मधोमध ठेवा. मग जो कोणी "कर लावा" किंवा "अनुदान द्या" किंवा "अणुभट्टी बांधा" म्हणेल त्याला पेन्सिल द्या आणि सांगा, यातली कुठली पट्टी, किती वाजता, कमी होणार आणि तिच्या जागी काय येणार ते काढून दाखव. आणि बैठकीत काय झालं ते इथे येऊन नक्की लिहा, मी वाट बघतोय.